विनोद चालेल, पण कारण आणि उताऱ्यासकट (वेबवाल्यांचा धागा)

अर्धविराम (धागाकर्ता)

वेबवाल्यांचे विनोद ढिगाने फिरतात. डिव्ह (पानावरचा चौकोनी डबा) मधोमध बसत नाही, 'माझ्या मशीनवर चालतंय', 'हार्ड रिफ्रेश करून बघा'. हसतात सगळे, पण त्याच्या बुडाशी नेमकं काय सडलंय ते सांगायला कुणी तयार नसतं. म्हणून हा धागा. नियम असे:

१. विनोदासोबत कारण आणि उतारा (म्हणजे उपाय) हवाच.
२. 'आमच्या ऑफिसात एकदा' छापाचे किस्से इथे नकोत. त्यासाठी आधीच चार धागे वाहताहेत.
३. कोडही देवनागरीत लिहायचा. आंधळं कॉपी-पेस्ट करणाऱ्यांची गैरसोय होईल, ती हेतुपुरस्सर आहे.

सुरुवात डिव्हपासूनच. आडवं मध्ये आणणं सोपं: रुंदी द्या, सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत) 'मार्जिन: ० ऑटो' लिहा, उरलेली जागा दोन्ही बाजूंना सारखी वाटली जाते. हाच 'ऑटो' वर-खाली लावला की काहीच होत नाही, कारण साध्या ब्लॉक मांडणीत वर-खालच्या 'ऑटो'ची किंमत शून्य धरायची असं स्पेसिफिकेशनच सांगतं. मग माणूस 'व्हर्टिकल-अलाइन: मिडल'कडे वळतो. ते इनलाइन (मजकुराच्या ओळीत बसणाऱ्या) गोष्टींसाठी आणि टेबलच्या खणांसाठी आहे; डिव्ह त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

उतारा: बाहेरच्या डब्याला 'डिस्प्ले: ग्रिड, प्लेस-आयटम्स: सेंटर'. २०२४ पासून तर (क्रोम १२३, सफारी १७.४, फायरफॉक्स १२५) साध्या ब्लॉकलाही 'अलाइन-कंटेंट: सेंटर' लागू होतं, ग्रिड-फ्लेक्स या खास मांडण्यांची गरज नाही. इतकं करूनही 'मध्ये येत नाही' असं कुणी म्हणालं तर बाहेरच्या डब्याला बॉर्डर लावून बघायला सांगा. डबा आतल्या मजकुराएवढाच उंच असतो, मग मध्ये येणार कुठे? 'मिन-हाइट: १०० डीव्हीएच' द्या, म्हणजे डबा किमान दिसणाऱ्या स्क्रीनएवढा उंच होतो. जुनं 'व्हीएच' मोबाइलवर ॲड्रेस बार दिसत असताना पानाचा तळ कापतं.

टेस्टरबाई

यात अजून दोन खड्डे आहेत.

जुन्या कोडमध्ये 'टॉप: ५०%' आणि 'ट्रान्सलेट उणे ५०%' ही जोडी सर्रास सापडते. आतल्या डब्याची उंची विषम निघाली, समजा ३३ पिक्सेल, की सरकवायचे १६.५. साध्या, रेटिना नसलेल्या स्क्रीनवर अक्षरं अर्ध्या पिक्सेलवर बसतात आणि धूसर दिसतात. डिझायनर म्हणतो फॉन्ट खराब आहे. फॉन्ट बिचारा निर्दोष असतो.

दुसरा जास्त वाईट. फ्लेक्समध्ये मधोमध ठेवलेला फॉर्म डब्यापेक्षा उंच झाला की वर आणि खाली सारखाच बाहेर येतो. खालचा भाग स्क्रोल करून दिसतो, वरचा दिसतच नाही, कारण स्क्रोल शून्याच्या वर जात नाही. फोन आडवा धरून लॉगिन पान उघडा, 'युजरनेम'चा रकाना गायब. उतारा: 'अलाइन-आयटम्स: सेफ सेंटर', किंवा सेंटर काढून आतल्या डब्याला 'मार्जिन: ऑटो'. फ्लेक्समध्ये उभा 'ऑटो' चालतो, आणि जागा कमी पडली की वरून कापत नाही.

खडूस कोथरूडकर

+१. टेस्टरबाई आल्या म्हणजे धाग्याला जामीन मिळाला.

माझ्याकडून हा: 'प्रजासत्ताक दिन २५ जानेवारीला साजरा करणारा एकच देश आहे, जावास्क्रिप्ट.'

कारण. 'न्यू डेट' मध्ये २०२४, ०, २६ असं लिहिलं की २६ जानेवारी मिळतो. महिने शून्यापासून, तारखा एकपासून. सी भाषेच्या वेळेच्या स्ट्रक्चरमध्ये महिने ० ते ११ होते, जावाने ते तसंच घेतलं, १९९५ मध्ये जावास्क्रिप्टने जावाची डेट उचलली. जावाने पुढे आपली चूक सुधारली, इकडे वारसा चालू राहिला.

आता ही तारीख सर्व्हरकडे धाडायला लोक 'टू-आयएसओ-स्ट्रिंग' वापरतात. ते यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) बदलतं. भारतातल्या मध्यरात्रीतून साडेपाच तास वजा केले की आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा: २०२४-०१-२५, १८:३०. मागचा वेळेचा भाग कापून नुसती तारीख ठेवली की झाला २५ जानेवारी. जन्मतारीख एक दिवस आधीची छापणारे बहुतेक फॉर्म याच जातीचे.

उलटा प्रकारही आहे. '२०२४-०१-२६' ही नुसती तारीख स्ट्रिंग म्हणून दिली तर ती यूटीसी मध्यरात्र मानली जाते. भारतात ते २६ तारखेचे पहाटेचे साडेपाच, म्हणजे तारीख बरोबर. न्यू जर्सीतल्या मामेभावाच्या स्क्रीनवर मात्र २५ ची संध्याकाळ. त्याच स्ट्रिंगला वेळ जोडली आणि शेवटी 'झेड' (यूटीसीची खूण) नसेल तर ती स्थानिक वेळ धरली जाते. असा नियम कुणी शुद्धीत केला असेल असं वाटत नाही, पण आहे.

उतारा: ज्या गोष्टीला वेळ नाही तिला वेळ चिकटवू नका. जन्मतारीख, सुट्टी, परीक्षेची तारीख हे शेवटपर्यंत स्ट्रिंग, डेटाबेसात 'डेट' प्रकार. जावास्क्रिप्टच्या नवीन 'टेम्पोरल' या तारीख-वेळेच्या संचामध्ये 'प्लेनडेट' नेमकी यासाठीच आहे, फायरफॉक्सने ती १३९ व्या आवृत्तीत आणली.

मालवणी मिनिफायर

म्हणजे मुंबयत बसान टेस्ट केल्यार हो दुसरो बग गावाचोच नाय?

खडूस कोथरूडकर

नाही गावणार. दोन उपाय. नोडच्या (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनाच्या) टेस्ट चालवताना 'टीझेड' हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल न्यूयॉर्कचा द्यायचा आणि एकदा काठमांडूचाही. तिथे पावणेसहा तास आहेत, साडेपाच हार्डकोड करणारे लगेच उघडे पडतात. ब्राउझरात बघायचं तर क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये 'सेन्सर्स' पॅनेल उघडा, ठिकाण बदललं की टाइमझोनही बदलतो.

अवांतर: ब्राउझरला टाइमझोनचं नाव विचारलं तर फायरफॉक्स 'एशिया/कोलकाता' म्हणतो आणि क्रोम बऱ्याचदा 'एशिया/कलकत्ता'. शहराचं नाव २००१ मध्ये बदललं, पण क्रोम ज्या यादीवर चालतो तिथे आयडी स्थिर ठेवायचा दंडक आहे. परिणाम: ड्रॉपडाउनमध्ये फक्त 'कोलकाता' असेल तर भारतीय वापरकर्त्याला रकाना रिकामा दिसतो. दोन्ही नावं एकाच नोंदीला जोडून ठेवा.

चहाबाज

४१८ कुणीच कसं काढलं नाही? 'मी चहाची किटली आहे' असं उत्तर देणारा स्टेटस कोड, म्हणजे सर्व्हरच्या उत्तराचा क्रमांक.

१ एप्रिल १९९८ ला लॅरी मासिंटर यांनी आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) २३२४ लिहिला, कॉफीपात्र इंटरनेटवरून चालवण्याचा प्रोटोकॉल. किटलीला कॉफी उकळायला सांगितलं तर तिने ४१८ द्यावा. त्यात 'ब्रू' नावाची मेथड आहे, दूध ओतताना 'बास' म्हणायला 'व्हेन' मेथड आहे, आणि डिकॅफचा पर्याय मुद्दाम दिलेला नाही, कारण मग प्यायचीच कशाला असा लेखकाचा सवाल. चहावाल्यांवर झालेला अन्याय २०१४ च्या १ एप्रिलला आरएफसी ७१६८ ने दूर केला.

गंमत अशी की नोड, गो वगैरेंनी हा कोड खरोखर आपल्या याद्यांत घातला. २०१७ मध्ये तो काढावा असा प्रस्ताव आला तेव्हा 'किटली वाचवा' मोहीम झाली. शेवटी २०२२ च्या आरएफसी ९११० मध्ये ४१८ 'न वापरलेला' म्हणून राखून ठेवला. म्हणजे अधिकृतपणे तो काही नाही आणि दुसरं कुणाला तो नंबर सहजासहजी मिळणारही नाही.

उतारा (नियम आहे म्हणून): बॉटना हाकलायला ४१८ देऊ नका. गंमत तुम्हाला कळते, समोरच्या यंत्राला नाही. ते त्याला कुठलीतरी ४०० छाप चूक समजतं आणि पुन्हा पुन्हा येतं. वेग कमी करायचा असेल तर ४२९ ('फार विनंत्या झाल्या') द्या, सोबत 'रिट्राय-आफ्टर' हेडर सेकंदांत. शहाणे बॉट तेवढं थांबतात.

जुना ब्राउझर

हेडरचा विषय निघालाच आहे तर 'रेफरर', म्हणजे तुम्ही कुठल्या पानावरून आलात ते सांगणारं हेडर. इंग्रजीत त्यात चार 'आर' हवेत, एचटीटीपीच्या हेडरात तीनच आहेत. १९९६ च्या आरएफसी १९४५ मध्ये चूक तशीच छापली गेली आणि तोवर इतकी पसरली होती की दुरुस्त करणं महाग पडलं असतं. पुढे 'रेफरर-पॉलिसी' हे नवीन हेडर आलं, त्याचं स्पेलिंग बरोबर. आता दोन्ही एकाच रिस्पॉन्स-रिक्वेस्टच्या जोडीत सुखाने नांदतात.

चावतं कुठे? एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये व्हेरिएबलचं नाव शुद्ध लिहिलंत तर कसलीही एरर येत नाही, रकान्यात फक्त आडवी रेघ उमटत राहते, कारण त्या नावाचं हेडर कुणी पाठवतच नाही. एक्सप्रेसने (नोडवरच्या फ्रेमवर्कने) मात्र समजूतदारपणा दाखवलाय, तिथे दोन्ही स्पेलिंगं चालतात.

आणि यूजर-एजंट. क्रोम स्वतःची ओळख सांगताना 'मोझिला'पासून सुरू करतो, मग 'ॲपलवेबकिट', मग 'केएचटीएमएल, गेकोसारखा', मग क्रोम, शेवटी सफारी. एका दमात सहा नावं. कारण प्रत्येक पिढीत साइटवाले 'अमुक ब्राउझर असेल तरच चांगलं पान द्या' असं लिहीत गेले आणि नवा ब्राउझर आधीच्याचं सोंग घेत गेला. ऑपेरा १० तर ९.८०च म्हणत राहिला, कारण बऱ्याच साइट पहिला आकडा तेवढा वाचत आणि १० म्हणजे १ समजत. आज विंडोज ११ स्वतःला 'एनटी १०.०' सांगतो, आणि आयपॅड २०१९ पासून मॅक असल्याचं सांगतो. उतारा एकच: नाव विचारू नका, येतं का ते विचारा. सीएसएसमध्ये 'सपोर्ट्स', जावास्क्रिप्टमध्ये ते फंक्शन आहे का हे तपासणं.

गुपचूप वाचक

सीएसएस म्हणजे खिडकीचा पडदा ओढावा आणि शेजारच्यांचा दिवा जावा.

अर्धविराम (धागाकर्ता)

कारण? उतारा?

गुपचूप वाचक

बरं बाबा. स्टाइल ग्लोबल असतात, 'बटन' म्हटलं की पानावरची सगळी बटनं आली. 'इम्पॉर्टंट' लावलं की पुढच्याला दुसरं 'इम्पॉर्टंट' लावावं लागतं, मग तिसरा आयडी लावतो, असा लिलाव चालू होतो. उतारा: '@लेयर'. वर एका ओळीत क्रम लिहायचा, रीसेट, लायब्ररी, आपलं. नंतरचा थर जिंकतो, सिलेक्टर कितीही वजनदार असो. दोन सापळे: लेयरबाहेरचा साधा सीएसएस सगळ्या लेयरांना हरवतो, आणि 'इम्पॉर्टंट' लावलं की क्रम उलटा होतो, म्हणजे पहिला थर जिंकतो. दुसरा सापळा माहीत नसलेला माणूस स्क्रीनशी भांडायला लागतो.

अर्धविराम (धागाकर्ता)

मंजूर. सापळ्यांसाठी जास्तीचा गुण.

सातारी सर्व्हर

'बदल दिसत नाही' याला उत्तर 'हार्ड रिफ्रेश कर की', म्हणजे ब्राउझरने साठवलेली प्रत टाळून पान पुन्हा मागव. हे ग्राहकाला सांगणं म्हणजे दुकानदाराने गिऱ्हाइकालाच वजन करायला लावणं.

घोळ बहुतेकदा 'नो-कॅश' या नावाचा. त्याचा अर्थ 'साठवू नको' असा नाही. 'साठव, पण वापरण्याआधी सर्व्हरला विचार' असा आहे. साठवूच नये यासाठी 'नो-स्टोअर'. नावं अदलाबदल झाल्यासारखी वाटतात, इलाज नाही.

चालणारी मांडणी:
एचटीएमएल फाइलला 'नो-कॅश'. दरवेळी विचारणा होते, बदल नसेल तर ३०४ येतो, काही शेकडा बाइटांत काम भागतं.
सीएसएस, जावास्क्रिप्ट, चित्रं यांच्या नावातच हॅश (मजकुरावरून काढलेला कोड), आणि 'मॅक्स-एज=३१५३६०००, इम्म्युटेबल'. एक वर्ष. मजकूर बदलला की नाव बदलतं, म्हणून जुनं कितीही काळ साठलेलं असलं तरी बिघडत नाही.

बिघडतं ते पुढे. डिप्लॉय करताना (नवी आवृत्ती सर्व्हरवर चढवताना) जुन्या फाइली पुसल्या जातात. कुणाच्या टॅबमध्ये सकाळपासून जुनं पान उघडं असतं, तो दुपारी एखाद्या मेनूवर क्लिक करतो, पान जुन्या हॅशची फाइल मागतं, सर्व्हर ४०४ ('सापडलं नाही') देतो. काही ठिकाणी तर ४०४ च्या जागी मुख्य एचटीएमएल पाठवायची सोय केलेली असते, मग ब्राउझर जावास्क्रिप्ट समजून एचटीएमएल वाचतो आणि 'अनपेक्षित <' अशी तक्रार करतो. कंसोलमध्ये हे चिन्ह दिसलं की नव्वद टक्के वेळा हाच प्रकार समजा. उतारा: जुन्या हॅशच्या फाइली आठवडाभर तरी राहू द्या, आणि त्या फोल्डरसाठी '४०४ ला मुख्य पान' हा नियम बंद करा.

सर्व्हिस वर्कर (पान आणि सर्व्हर यांच्या मध्ये बसणारी, साठवलेल्या फाइली देणारी स्क्रिप्ट) असेल तर हार्ड रिफ्रेशने त्या वेळेपुरता तो बाजूला होतो, पुढच्या साध्या रिफ्रेशला पुन्हा जुनं पान. 'मघाशी दिसलं, आता परत गेलं' याचं मूळ तिथे. काढायचाच असेल तर फाइल नुसती डिलीट करू नका. त्याच नावाची नवी फाइल ठेवा, जी सक्रिय होताच कॅश पुसते आणि स्वतःची नोंदणी रद्द करते.

लिनक्सवाला

'माझ्या मशीनवर चालतंय' म्हणणाऱ्याच्या इमेजचं नाव बघा. फाइल कॅपिटल एलने सुरू होणारी 'लोगो', कोडमध्ये स्मॉल. विंडोज आणि मॅक यांना नेहमीच्या मांडणीत फरक पडत नाही, लिनक्स सर्व्हरला पडतो. देवनागरीत कॅपिटल-स्मॉल नाही म्हणून या धाग्यावर हा बग दाखवताही येत नाही, हे एक बरं झालं.

नुसतं नाव बदलून कमिट केलं तर विंडोजवर गिटला (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाला) बदल झालाय हेच कळत नाही. 'गिट एमव्ही'ने आधी तिसऱ्याच नावावर न्या, मग हव्या त्या नावावर. दोन पायऱ्या, हमखास चालतं.

दुसरा भाऊ: ओळीच्या शेवटचं अदृश्य 'कॅरेज रिटर्न'. विंडोजवर सेव्ह केलेली शेल स्क्रिप्ट डॉकरमध्ये (लिनक्सच्या बंदिस्त डब्यात) चढवली की 'अशी फाइल नाही' म्हणते, फाइल समोर दिसत असताना. ती पहिल्या ओळीतल्या इंटरप्रिटरच्या नावाला चिकटलेलं अक्षर धरून शोधत असते. 'डॉट गिटअॅट्रिब्यूट्स'मध्ये शेल फाइलींना 'ईओएल=एलएफ' लिहून टाका.

रफार

आता घरचं प्रकरण. मराठी माणसाने मराठी साइट उघडावी आणि साइटनेच त्याला ओळखू नये, याहून मोठा विनोद नाही.

(अ) 'कृपया वैध नाव टाका.' नाव ज्ञानेश्वर, आणि अवैध. कारण रेगेक्समध्ये (मजकूर तपासणाऱ्या नमुन्यात) ए ते झेड. कुणी सुधारणा म्हणून 'स्लॅश डब्ल्यू' वापरतो. जावास्क्रिप्टमध्ये तेही फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर. मग कुणी 'युनिकोड अक्षर' हा वर्ग लावतो, म्हणजे 'पी' आणि महिरपी कंसात 'एल'. 'अमर' पास, 'ज्ञानेश्वर' नापास. काना, मात्रा, वेलांटी, हलंत ही युनिकोडच्या लेखी अक्षरं नाहीत, 'मार्क' आहेत. 'एल' आणि 'एम' दोन्ही हवेत, आणि शेवटी 'यू' हा फ्लॅग.

(आ) लांबी. 'ज्ञानेश्वर'ला 'लेंग्थ' विचारा, उत्तर १०. डोळ्यांना दिसतात चार: ज्ञा, ने, श्व, र. यूटीएफ-८ मध्ये ३० बाइट. तिघांनी तीन वेगळे आकडे धरले की फॉर्म '२० अक्षरांची मर्यादा' म्हणतो आणि चांगलं आडनावासकटचं नाव कापतो. एसएमएसमध्ये तर रोमन मजकुराला १६०, देवनागरीला ७०. एक ओळ वाढली की दोन मेसेजचे पैसे.

(इ) गोल अवतारात नावाचं पहिलं अक्षर. क्षितिजच्या गोलात 'क', श्रद्धाच्या गोलात 'श', ज्ञानेश्वरच्या गोलात 'ज'. 'कॅरॲट शून्य'ने कोड युनिट मिळतं, अक्षर नाही. 'इंटल.सेगमेंटर' वापरा, 'ग्राफीम' (डोळ्यांना दिसणारं एक अक्षर) हा प्रकार द्या. मात्र जोडाक्षर अखंड ठेवायचा नियम युनिकोड १५.१ मध्ये, २०२३ साली आला. त्याआधीचे ब्राउझर 'क्षि'चे दोन तुकडे करतात आणि गोलात पाय मोडका 'क्' बसतो.

(ई) डिझायनरचं आवडतं 'लेटर-स्पेसिंग'. रोमनमध्ये रुबाबदार दिसतं, देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शीर्षक दातपडकं होतं. ':लँग(एमआर)'ला ते शून्य करा. सोबत 'लाइन-हाइट' १.६ च्या आसपास, १.२ वर रफार आणि अनुस्वार वरच्या ओळीतल्या उकारांना जाऊन भिडतात, आणि 'ओव्हरफ्लो: हिडन' असेल तर कापलेच जातात. एचटीएमएल टॅगवर भाषा 'एमआर' लिहिली की नोटो सान्स देवनागरीसारखे फॉन्ट ल आणि श मराठी वळणाचे काढतात. एका शब्दाचं काम, तरी बऱ्याच मराठी साइटींवर तिथे इंग्रजी लिहिलेलं असतं.

(उ) माझा लाडका. आपल्या ऱ्याला लिहायचे दोन रस्ते आहेत. एक ०९३१ या कोडचा ऱ घेऊन हलंत. दुसरा साधा र, हलंत आणि त्यानंतर झिरो-विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह). 'दऱ्या' आणि 'दर्‍या' दिसायला एक, आतून वेगळे. शोध एकाला सापडतो, दुसऱ्याला नाही, आणि युनिकोडचं नॉर्मलायझेशन ही जोडी जुळवत नाही. त्यात एखादा सुरक्षादक्ष मनुष्य 'अदृश्य अक्षरं काढून टाका' असं फिल्टर लावतो. जॉइनर गेला की दर्‍यांचा होतो दर्या. ट्रेकिंगच्या साइटवर सह्याद्रीच्या कुशीत दर्या उसळतो. उतारा: साठवण्याआधी जॉइनरवालं रूप ०९३१ वाल्या रूपात बदला, शोधाच्या शब्दालाही तेच करा, आणि फिल्टर त्यानंतर लावा. क्रम चुकला की संपलं.

मालवणी मिनिफायर

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). समुद्र आमचो, नि तो तुमी सह्याद्रीत नेलास!

डेटाबेसातल्या '????? ?????' नावाच्या ग्राहकाचा पण सांगा कोणीतरी.

डीबीए काका

तो ग्राहक देशात सगळ्यात जास्त वेळा नोंदलेला असावा. रकाना लॅटिन-१ (फक्त रोमन अक्षरांचा संच) असला की मायएसक्यूएल या डेटाबेसला देवनागरी ठेवता येत नाही, आणि स्ट्रिक्ट मोड (न बसणारा डेटा नाकारण्याची सेटिंग) बंद असेल तर ते प्रत्येक चिन्हाजागी प्रश्नचिन्ह टाकतं. इथून परतीची वाट नाही, मूळ बाइट गेलेले असतात. अक्षरांऐवजी टोप्या घातलेली फ्रेंच अक्षरं आणि चलनचिन्हं दिसली तर मात्र आशा आहे. तिथे बाइट शाबूत असतात, वाचणाऱ्याने चुकीचा चष्मा घातलेला असतो. आधी कनेक्शनचा कॅरॅक्टर सेट तपासा, टेबलला हात नंतर.

मायएसक्यूएलचा नुसता 'यूटीएफ८' घेऊ नका. त्यात एका चिन्हाला तीनच बाइट मिळतात. देवनागरी तीनमध्ये मावते, म्हणून सगळं ठीक वाटतं. मग कुणीतरी शुभेच्छांमागे इमोजी टाकतो, त्याला चार लागतात, आणि एकतर एरर येते किंवा स्ट्रिक्ट मोड बंद असेल तर इमोजीपासून पुढचा मजकूरच छाटला जातो. 'यूटीएफ८एमबी४' घ्या. टेबल बदललं तरी जुने रकाने आपोआप बदलत नाहीत, 'कन्व्हर्ट टू' लिहावं लागतं.

पै-पैसा

आकड्यांचं राहिलं. ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३०००००००००००००००४, हा विनोद सगळ्यांना पाठ. खरा फटका इथे बसतो: १९.९९ गुणिले १०० बरोबर १९९८.९९९९९९९९९९९९८. बरीचशी पेमेंट गेटवे रक्कम पैशांत मागतात, म्हणून लोक १०० ने गुणून 'पार्सइंट' (दशांश भाग छाटणं) करतात आणि १९९८ पैसे पाठवतात. एक पैसा हवेत. 'मॅथ.राउंड' वापरा, किंवा मुळातच पैशांत पूर्णांक साठवा. 'टूफिक्स्ड'वरही विसंबू नका, १.००५ ला दोन दशांश मागितले तर १.०० मिळतात, कारण आत साठलेली संख्या १.००५ पेक्षा किंचित कमी असते. आणि गुणायला विसरलात तर ५०० रुपयांची वस्तू ५ रुपयांत जाते. हा बग ग्राहक कधीच कळवत नाहीत.

दुसरं: 'नंबरफॉरमॅट'ला 'एमआर-आयएन' दिलं की १२,३४,५६७ असं लाख-कोटीच्या स्वल्पविरामांसह देवनागरीत येतं. देखणं आहे. तेच इनपुटमध्ये भरून परत वाचलं की 'नॅन' (ही संख्याच नाही), कारण जावास्क्रिप्टला '१२' हा आकडाच वाटत नाही. पायथनचा 'इंट' मात्र देवनागरी १२ बिनतक्रार बारा म्हणून घेतो. म्हणजे फ्रंटएंड नाकारतो आणि बॅकएंड स्वीकारतो. बदलायचं सूत्र सोपं: प्रत्येक अंकाच्या कोड पॉइंटमधून २४०६ वजा करा.

चहाबाज

सरकारी छापाच्या साइटींवरच्या पळत्या पट्टीला कुणी हात लावणार का? भरतीची लिंक मार्कीतून पळते, ती धरून क्लिक करणं हीच पात्रता परीक्षा.

टेस्टरबाई

मार्की (मजकूर पळवणारा टॅग) इंटरनेट एक्सप्लोररचं अपत्य, ब्लिंक (मजकूर लुकलुकवणारा टॅग) नेटस्केपचं. ब्लिंक गेलं, फायरफॉक्सनेही २०१३ मध्ये २३ व्या आवृत्तीत काढलं. मार्की मात्र सगळीकडे चालतं, कारण एचटीएमएलचं स्पेसिफिकेशन 'लेखकांनी वापरू नये' आणि 'ब्राउझरांनी चालवावं' असं दोन्ही म्हणतं. माउस नेला की थांबवायची जुनी युक्ती फोनवर कामाची नाही, तिथे माउसच नसतो. सुगम्यतेचा नियम असा की पाच सेकंदांपेक्षा जास्त आपोआप हलणाऱ्या मजकुराला थांबवायची सोय हवी. पट्टी काढून तीन ओळींची साधी यादी करा, सर्वात नवीन वर. काढू देत नसतील तर निदान 'थांबवा' बटन द्या आणि 'प्रिफर्स-रिड्यूस्ड-मोशन' (हालचाल कमी हवी ही सेटिंग) असलेल्यांसाठी हलणं बंद करा. मार्कीला हे सीएसएसने सांगता येत नाही, त्यासाठी सीएसएस ॲनिमेशनच लागेल.

नवा गडी

धागा वाचून अंगात आलंय. एक अडलंय: पॉपअपला झेड-इंडेक्स (कोण कुणाच्या वर दिसेल तो क्रम) ९९९९९९ दिलाय, तरी हेडरखालीच जातो. अजून किती नऊ लावू?

गुपचूप वाचक

२१४७४८३६४७ पर्यंत जा, त्यापुढे ब्राउझर मोजत नाही. फरक पडणार नाही ही गोष्ट वेगळी. दिवे घ्या (हलकेच घ्या).

टेस्टरबाई

पॉपअपच्या वरच्या डब्यांपैकी कुणावर तरी ट्रान्सफॉर्म, फिल्टर किंवा १ पेक्षा कमी ओपॅसिटी असणार. तिथे नवा स्टॅकिंग कॉन्टेक्स्ट सुरू होतो, आणि आतला झेड-इंडेक्स त्या डब्याच्या आतच मोजला जातो. डब्याचा स्वतःचा क्रम हेडरच्या खाली असेल तर आत कितीही नऊ लावा. डेव्हटूल्समध्ये एकेक वरचा डबा निवडून हे तीन गुणधर्म बंद करत जा, गुन्हेगार सापडेल. पॉपअपच असेल तर सरळ 'डायलॉग' टॅग घ्या आणि 'शो-मोडल'ने उघडा. तो टॉप लेयरमध्ये (सगळ्या पानाच्या वरच्या थरात) जातो, झेड-इंडेक्सचा प्रश्नच येत नाही. नुसता 'ओपन' हा ॲट्रिब्यूट लावून उघडलात तर मात्र टॉप लेयर मिळत नाही.

नवा गडी

हेडरच्या खालच्या 'मेन'ला फेड-इन ॲनिमेशन होतं, ओपॅसिटी ०.९९ वर थांबलेली. १ केली, पॉपअप वर आला. डायलॉगचं उद्या बघतो.

टेस्टरबाई

डायलॉग उघडा असताना मागचं पान तरीही स्क्रोल होतं, ते आपोआप थांबत नाही. एचटीएमएलला 'ओव्हरफ्लो: हिडन' द्या, आणि 'स्क्रोलबार-गटर: स्टेबल' पण, नाहीतर स्क्रोलबार गेल्यावर पान पंधराएक पिक्सेल रुंद होऊन मजकूर उजवीकडे उडी मारेल.